पहारा उठवू नका, ओळ वाचा

उबंटू किंवा फेडोरा वापरणाऱ्या सर्वांना एक कळकळीची विनंती आहे. कर्नलच्या लॉगमध्ये ‘डिनाइड’च्या त्याच त्या ओळी धो धो पडू लागल्या, तरी वैतागून प्रोग्रामांवर पहारा ठेवणारं ॲपआर्मर (उबंटूवर) किंवा एसईलिनक्स (फेडोरावर) बंद करू नका. बूट करताना ‘ऑडिट=0’ देण्याचा सल्लाही मानू नका. त्याने ओळी थांबतात, पण प्रोग्रामला नकार मिळतच राहतो आणि तो का मिळतो हे कळायची सोय जाते.

ओळी कमी मात्र करायलाच हव्यात. कर्नलचा लॉग ठरावीक आकाराच्या बफरमध्ये असतो. तो भरला की जुन्या ओळी पुसल्या जातात, आणि डिस्क बिघडत असल्याची एखादी महत्त्वाची ओळही त्यात जाऊ शकते.

उबंटूवर आधी एकच ओळ शांतपणे वाचा. कोणत्या प्रोफाइलला (म्हणजे प्रोग्रामसाठीच्या नियमसंचाला), कोणत्या फाइलवर, काय करायला मनाई झाली, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. त्या प्रोग्रामला ती फाइल खरोखर लागत असेल, तर ॲपआर्मरच्या ‘लोकल’ फोल्डरमध्ये तेवढीच परवानगी लिहा आणि प्रोफाइल पुन्हा लोड करा. लागत नसेल आणि काम बिनबोभाट चालत असेल, तर ‘डिनाय’चा नियम लिहा: मनाई कायम राहते, नोंद मात्र होत नाही. हा नियम परवानगीपेक्षा वरचढ ठरतो, म्हणून त्यात नेमक्या फाइलचाच पत्ता द्या, अख्ख्या फोल्डरचा नको. स्नॅपच्या प्रोफाइलला हात लावू नका. स्नॅपडी ती पुन्हा तयार करतो आणि तुमचा बदल पुसला जातो. तिथे ‘स्नॅप कनेक्शन्स’ पाहून हवी ती जोडणी द्या.

फेडोरावर पुष्कळदा दोष फाइलला एसईलिनक्सने दिलेल्या लेबलचा निघतो. होम फोल्डरमधली फाइल ‘एमव्ही’ने वेब सर्व्हरच्या फोल्डरमध्ये हलवली की जुनं लेबल तिच्यासोबतच जातं. ‘रिस्टोअरकॉन’ चालवलं की काम होतं. ‘ऑडिट2अलाउ’ने सुचवलेला नियम न वाचता कधीही लोड करू नका; नाहीतर ज्या गोष्टीला अडवायला हवं होतं, तिलाच तुम्ही वाट करून द्याल. निरुपद्रवी नकारांची नोंद टाळायला इथे ‘डोन्टऑडिट’चा नियम आहे. पुढे काही अडलं, तर ‘सेमॉड्यूल -डीबी’ने दडलेल्या नोंदी थोडा वेळ दिसू द्या आणि ‘सेमॉड्यूल -बी’ने पूर्ववत करा.

उबंटूवर ‘ऑडिटडी’ बसवलात, तर या नोंदी कर्नलच्या लॉगऐवजी स्वतंत्र फाइलमध्ये जातात. आणि चूक पॅकेजच्या प्रोफाइलचीच असेल, तर नकाराची ती ओळ जोडून पॅकेज सांभाळणाऱ्यांना अवश्य कळवा.