गाळ्याचे भाडे थकले, तर…

पुण्याच्या एक भगिनी लिहितात : “तळमजल्यावरचा गाळा एका शिंप्याला भाड्याने दिला आहे. सात महिने भाडे नाही. मागायला गेले, की ‘दिवाळीनंतर देतो, वहिनी,’ हे उत्तर. आमचे घर चालते ते त्याच भाड्यावर. मुलगा म्हणतो, सरळ कुलूप ठोकू. काय करावे?”

ताई, आधी मुलाच्या हातातले कुलूप काढून घ्या. कायद्याची वाट सोडून भाडेकरूला बाहेर काढले, तर १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टाखाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून तो ताबा परत मिळवू शकतो. वीज-पाणी तोडणे हा तर गुन्हाच. म्हणजे भाडे थकवले त्याने आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या तुम्ही!

त्यापेक्षा पावतीपुस्तक काढा आणि कोणत्या महिन्याचे किती येणे आहे ते मांडा. मग वकिलामार्फत लेखी नोटीस स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे नोटीस मिळाल्यापासून नव्वद दिवस वाट पाहावी लागते. (पूर्वीच्या १९४७ च्या कायद्यात ही मुदत एक महिन्याची होती.) तरीही पैसे आले नाहीत, तर स्मॉल कॉज कोर्टात दावा लावता येतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत शिंप्याने सारी थकबाकी, त्यावर दरसाल दर शेकडा १५ सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च भरला व पुढेही निकालापर्यंत भाडे नियमित दिले, तर थकबाकीपायी त्याला गाळ्यातून काढता येत नाही. तेव्हा पैसे हवेत की गाळा, हे आधी घरात बसून ठरवा. मात्र फार रेंगाळू नका; तीन वर्षांपूर्वीच्या थकबाकीवर कोर्टात हक्क सांगता येत नाही.

(भाडेकरू बँक असेल, किंवा एक कोटी वा अधिक वसूल भांडवलाची कंपनी असेल, तर तिला या कायद्याचे संरक्षण नाही.)

शिंप्याचा धंदा खरोखरच बसला असेल, तर हप्ते बांधून द्या. पण तारखांसकट, कागदावर, त्याच्या सहीने. आलेल्या प्रत्येक रकमेची पावती द्या. ती देणे तुमच्यावर बंधनकारकच आहे. ‘दिवाळीनंतर’ म्हणजे कोणती तारीख, एवढे मात्र त्याच्याकडून आजच लिहून घ्या.