ग्रुयेरला एक दिवस द्या
स्वित्झर्लंडला जाणारे आपले बहुतेक पर्यटक बर्फाची शिखरं पाहून परततात आणि फ्रीबूर प्रांतातलं ग्रुयेर राहून जातं, याची मनापासून हळहळ वाटते. टेकडीवरचं हे तटबंदीचं गाव, मधून जाणारा फरसबंद रस्ता आणि टोकाला तेराव्या शतकातला किल्ला. इथला शेवटचा सरदार मिशेल 1554 साली कर्जापायी बुडाला. फ्रीबूर आणि बर्नने त्याची जहागीर वाटून घेतली. सरदारकी गेली, गवळ्यांची विद्या मात्र टिकली. पायथ्याच्या चीजशाळेत ती समोर पाहता येते. तांब्याच्या प्रचंड हंड्यात कच्चं दूध विरजतं, ते कापून, ढवळत तापवून साच्यात दाबतात. सुमारे 400 लिटर दुधातून 35 किलोची एक चकती तयार होते आणि तळघरात किमान पाच महिने मुरते. या विरजणात वासराच्या जठरातला अर्क असतो, हे शाकाहारी मंडळींनी आधीच जाणून घ्यावं. गावातल्या खाणावळींत फोंड्यू मिळतं. लसूण चोळलेल्या भांड्यात ग्रुयेर आणि वाशरां ही दोन चीज निम्मी-निम्मी, पांढऱ्या वाइनमध्ये वितळवलेली. त्यात पाव बुडवून खायचा आणि शेवटी तळाची खरपूस खरवड सगळ्यांनी वाटून घ्यायची. वर घट्ट सायीसोबत कुरकुरीत मेरिंग. डोंगरकुरणांवरचा गुराख्यांचा हंगाम 2023 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आला. तो वारसा चवीने कळतो. म्हणून पुढच्या सहलीत एखादं शिखर कमी करा, पण ग्रुयेरला एक दिवस द्याच.