सल्लागाराची पाटी नको, तजुर्बा पाहा

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीसारख्या कापडाच्या गावांत जुने माग काढून नवे बसवायचे ठरले की कारखानदाराच्या दारात सल्लागार हजर होतो. कर्ज, सबसिडी, प्रोजेक्ट रिपोर्ट, सर्व काही तो करून देणार असतो. सल्ला घेण्यात गैर काहीच नाही. चांगल्या सल्लागाराची फी कधीच महाग पडत नाही. परंतु तो खरोखर जाणकार आहे की नाही, हे तपासायचे कोणी?

चार्टर्ड अकाउंटंट १९४९ च्या कायद्याने नोंदलेला असतो. त्याने दिलेल्या दाखल्यावर २०१९ पासून यूडीआयएन क्रमांक असतो व तो कोणालाही पडताळता येतो. 'बिझनेस कन्सल्टंट' या पाटीसाठी मात्र अशी कोणतीही सरकारी नोंद लागत नाही. ती कोणीही लावू शकतो. म्हणून पारख आपल्यालाच करावी लागते.

ही पारख हिशोबाने करावी. समजा, माग मिनिटाला १२० पिक मारतो, कापड इंचाला ५२ पिकांचे आहे आणि पाळी १२ तासांची. कार्यक्षमता ८० टक्के धरली तर एका मागावर सुमारे ३४ मीटर कापड निघते. रिपोर्टात ९५ टक्के लिहिले की तेच ४० मीटर होते. २४ मागांवर एका पाळीत सुमारे १५० मीटर कापड केवळ कागदावर तयार झाले! बँकेचा हप्ता मात्र खऱ्या पैशांत भरावा लागतो.

तेव्हा सरळ विचारावे, हा आकडा कोठून आणला? तजुर्बेकार माणूस आकडा लिहिण्यापूर्वी स्वतःच विचारतो की सूत कोणत्या काउंटचे, सायझिंग कोठे होते, वीज किती वेळ जाते, जॉबर कसा आहे. ज्याने हे विचारलेच नाही, त्याने माग दुरूनच पाहिला असे समजावे.

दुसरे, त्याची कमाई कशातून होते? मंजूर कर्जावर टक्केवारी असेल तर कर्ज मोठे होण्यातच त्याचा फायदा. मशीन विकणाऱ्याकडूनही कमिशन मिळत असेल तर तो सल्लागार नव्हे, दलाल आहे. दलाली हाही धंदाच आहे, पण तो उघड सांगून करावा.

तिसरे, उद्घाटनाचे फोटो पाहू नका. तीन-चार वर्षांपूर्वी त्याने उभे करून दिलेले कारखाने पाहा, तेथील मालकाशी एकट्याने बोला. योजनांचीही परीक्षा घ्या. १९९९ साली सुरू झालेली टफ योजना सुधारित रूपात ३१ मार्च २०२२ पर्यंत चालली. आज नव्या मागांसाठी तीच सबसिडी मिळवून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करावा.

आपल्यात उर्दू माध्यमात शिकलेले कारखानदार पुष्कळ आहेत. समोरचा फाडफाड इंग्रजी बोलू लागला की ते गप्प बसतात. बंधूंनो, ताका घेताना आपण कापड बोटांनी चोळून पाहतो, दोष दिसला तर भाव पाडतो. मग घर गहाण ठेवून कर्ज काढताना लाज कसली? प्रश्न आपल्याच भाषेत विचारा आणि उत्तरही त्याच भाषेत मागा. ज्याला काम येते, त्याला ते सोप्या शब्दांत सांगताही येते.