रात्रभर लावून ठेव म्हणे!

"हळू चार्ज केली की बॅटरी टिकते" हे वाक्य आपल्याकडे कुणाच्या बटव्यातून आलं देव जाणे, पण ते सांगणारं एक तरी माणूस प्रत्येक घरात असतंच. आमच्याकडे तीन आहेत. (दादा, पहिला नंबर तुझा. वाचतोयस ना?) रिमोटच्या गाडीची बॅटरी म्हणे रात्री लावावी, सकाळी काढावी, आणि फास्ट चार्जर म्हणजे सेल जाळायचे धंदे! यातलं पहिलं धोक्याचं आहे आणि दुसरं अर्धवट खरं. आज त्याचाच समाचार घ्यायचाय. ज्यांना गाड्यांत रस नाही त्यांनी इथूनच रजा घेतली तरी राग नाही :-)

तर मंडळी, थोडा हिशोब. भाच्याच्या गाडीत चार सेलचा पॅक आहे, ४.८ व्होल्टचा. त्यावर लिहिलंय ७०० मिलीअँपिअर-अवर. खोक्यात मिळालेला चार्जर २५० मिलीअँपिअर देतो. खरं 'हळू' चार्जिंग म्हणजे क्षमतेच्या दहाव्या भागाइतका करंट. इथे तो झाला ७०, आणि तेवढ्याने १४ ते १६ तास लागतात. त्या वेगाने थोडं जास्त झालं तरी सेल निभावून नेतो. पण २५० म्हणजे तिसऱ्या भागाहून जास्त. साडेतीन-चार तासांत पॅक भरतो. मग पुढे काय? पुढे काहीच नाही! चार्जर देतच राहतो. त्याच्या पोटात एक ट्रान्सफॉर्मर, एखाददोन डायोड आणि तो लाल दिवा, बस्स. दिवा सांगतो की प्लग लावलाय. बॅटरी भरली की नाही हे त्याच्या गावीही नसतं. रात्री दहाला लावून सकाळी सहाला काढली तर आठ तासांत २००० ओतले. कशात? सातशेच्या पोटात!

हे जास्तीचं जातं कुठे? उष्णतेत. सेल तापतो, आत वायूचा दाब वाढतो, फारच झालं तर सुरक्षेची झडप उघडते आणि आतलं द्रव्य बाहेर. ते परत येत नाही. दोन महिन्यांनी पोरगं सांगतं की गाडी पूर्वीसारखी पळत नाही, आणि आपण म्हणतो, चायनाचा माल!

म्हणजे हा खोक्यातला अडॅप्टर धड हळूही नाही आणि धड शहाणाही नाही. माझा राग आहे तो यावर.

आता बदनाम फास्ट चार्जर. निकेलचा सेल भरत आला की व्होल्टेज चढत जातो, आणि भरल्यावर किंचित घसरतो. निकेल-मेटल हायड्राइडमध्ये सेलमागे जेमतेम पाचेक मिलीव्होल्ट. आत येणारी वीज आता साठत नाही, तिची उष्णता होते, आणि तापलेल्या सेलचा व्होल्टेज उतरतो. चांगला चार्जर ही घसरण पकडतो आणि थांबतो. गंमत अशी की करंट क्षमतेच्या निम्मा ते पूर्ण असेल तेव्हाच ही घसरण नीट दिसते. अगदी हळू भरलं तर ती इतकी पुसट होते की चार्जरला कळतच नाही. म्हणजे तासा-दोन तासांत भरून थांबणारा यंत्रोबा तुमच्या रात्रभरच्या लाल दिव्यापेक्षा सेलवर जास्त माया करतो. दादा, आता बोल!

पंधरा मिनिटांत भरणारे चार्जर मात्र मलाही मंजूर नाहीत. तासात भरायला लागतो त्याच्या चौपट करंट, वर गार करायला पंखा! सेलचं आयुष्य त्यात कमी होतंच. आणि 'फास्ट' हा शब्द सेलच्या आकारावर ठरतो, हे दुकानदार कधी सांगत नाही. क्योशोच्या मिनी-झेडसारख्या चिमुकल्या गाडीत चार ट्रिपल ए सेल लागतात. ७५० मिलीअँपिअर हा त्या ७५० क्षमतेच्या सेलला एका तासाचा वेग, पण २००० च्या पेन्सिल सेलला तोच करंट निवांत. म्हणून खोक्यावरचा 'क्विक' वाचू नका, 'डेल्टा पीक' किंवा 'मायनस डेल्टा व्ही' लिहिलंय का ते बघा, आणि प्रत्येक सेल वेगळा तपासला जातो का ते विचारा. जोडीने भरणाऱ्या चार्जरात एक सेल उपाशी आणि दुसऱ्याला अजीर्ण होतं.

दुसरं घरगुती शास्त्र: "पूर्ण मरेपर्यंत पळव, मगच चार्ज कर." चार सेल एकामागे एक जोडलेले असतात. सगळ्यात अशक्त सेल आधी रिकामा होतो, आणि उरलेले तिघे त्याच्यातून करंट रेटतच राहतात. त्या बिचाऱ्याची वाट लागते. गाडी मंदावली की थांबवावी. आणि तापलेला पॅक लगेच चार्जिंगला लावू नये, विशेषतः नागपूरच्या मे महिन्यात. ४५ अंशांच्या वर हे सेल चार्ज करायचेच नसतात, आणि तिथे तेवढं नुसत्या हवेचंच असतं. पोराला दम धरवत नसेल तर सेलचा दुसरा संच घ्या.

लिपो बॅटरीवाल्यांसाठी मात्र रात्रभर हा शब्दच वर्ज्य. तिचा चार्जर वेगळा, सेलमागे ४.२ व्होल्टची मर्यादा काटेकोर, आणि समोर जागं माणूस हवंच. निकेलच्या चार्जरला ती लावलीत तर आग लागू शकते.

मेलेले पॅक कचऱ्यात जातात याचाही संताप येतो. स्वस्त गाड्यांत अजून निकेल-कॅडमियम सापडतं, आणि कॅडमियम हे विष आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी अशा छोट्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकलीय. आमच्या कोपऱ्यावरच्या खेळण्यांच्या दुकानात विचारलं तर काका म्हणाले, "ओल्या कचऱ्यात नका टाकू म्हणजे झालं."

असो. नवा चार्जर आत्ता घ्यायचा नसेल तर निदान जुना अडॅप्टर गादीवर नको, फरशीवर ठेवा, कुकरसाठी लावता तसा साडेतीन तासांचा गजर लावा, आणि झोपायच्या आधी प्लग काढा.