सोने शिजत नाही



भरल्या ताटावर बसलेल्याला भाकरीची किंमत कळत नाही. ती वेढ्यात सापडलेल्या जवानाला विचारावी.

पहिल्या महायुद्धात, आजच्या इराकमध्ये, तैग्रिस नदीकाठच्या कुत गावात इंग्रजी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांनी कोंडली. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने वेढा चालला. शिपाई बहुतेक शेतकऱ्यांचीच पोरे. रोजचा शिधा उतरत उतरत मूठ-दोन मूठ पिठावर आला. घोडे कापले. अनेक हिंदी शिपायांनी धर्मापायी ते मांस नाकारले, पुढे भुकेने कित्येकांना खायला लावले. ताजा भाजीपाला नाही, म्हणून हिरड्या सुजल्या. विमानांतून धान्याची पोती टाकली, ती पुरली नाहीत. रसदेची बोट तुर्कांच्या हाती गेली. शेवटी इंग्रजांनी तुर्कांना २० लाख पौंड देऊ केले, तेही त्यांनी नाकारले. सुमारे १३ हजार माणसे कैद झाली. त्यांतली हजारो घरी परतली नाहीत.

तोफा होत्या, पैसा होता, पाठीशी साम्राज्य होते. नव्हते फक्त पीठ.

देशालाही हे संकटातच आठवते. १९६५ साली युद्ध आणि धान्यटंचाई एकदम आली, तेव्हा शास्त्रीजींनी जवानाबरोबर किसानाचाही जयजयकार केला. टंचाई सरली आणि घोषणेतला किसान तेवढा मागे पडला.

आता आपल्या रानाकडे बघा. पाऊस ओढला तर ज्वारी पाने गुंडाळून तग धरते, सर आली की पुन्हा उठते. दाणा माणसाला, कडबा बैलाला. कापूस जरूर लावा, रोकड त्यातूनच येते. पण सगळे रान कपाशीखाली घालायचे आणि ठाणे-डोंबिवलीत नोकरीला गेलेल्या पोरांसारखे आपणही पीठ किलोवर आणायचे, हा हिशेब अर्धवट आहे. त्यात वाईट वर्ष धरलेलेच नाही.

ज्वारी परवडत नाही, हे मला मान्य आहे. तो दोष पिकाचा नाही, भावाचा आहे. म्हणून या बैठकीत दोन गोष्टी ठरवू. घरच्या कणगीपुरती ज्वारी प्रत्येकाने पेरायची. आणि हमीभावाने ज्वारीची खरेदी सुगीतच सुरू करा, व्यापाऱ्याच्या घरात माल गेल्यावर नको, हे सरकारला एका आवाजात सांगायचे.

कुतच्या शिपायांना जे उपाशीपोटी कळले, ते आपण पोट भरलेले असतानाच ओळखू या.