फोन लॉकरात ठेवा म्हणे!

हापिसात मोबाईलबंदी असावी का, यावर आमच्या टपरीवर रोज चहासोबत वाद झडतो. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या.

जिथे गिऱ्हाइकांच्या क्रेडिट कार्डांचे नंबर पडद्यावर दिसतात, त्या मजल्यावर फोन लॉकरात ठेवायला लावतात ते बरोबरच आहे. एक फोटो काढला की काम झालं! पण मग तिथे एक लँडलाईन हवी आणि निरोप पोचवणारा माणूस हवा. पाळणाघरातून "पोराला ताप आलाय" असा फोन दुपारी दोनला येतो आणि आईला तो संध्याकाळी सातला लॉकर उघडल्यावर कळतो, ही कसली सिक्युरिटी?

बाकी आम्हा कोड पाडणाऱ्यांचं काय? लॉगिनचा ओटीपी माझ्याच फोनवर येतो. रात्री दोनला सर्व्हर आडवा झाला की वाजतो तोही माझाच फोन. (बिल मीच भरतो, बरं का!) तेव्हा तो 'पर्सनल' असल्याचं कुणाला आठवत नाही. 2018 साली सुप्रिया सुळेंनी कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा काही झाला नाही. तो होईपर्यंत तरी, मी दिवसा पाच मिनिटं घरी बोललो तर म्यानेजरसाहेबांनी घड्याळाकडे बघू नये. दिवसभर रील बघणाऱ्याचं काम शुक्रवारी दिसतंच की!