कागद मागणं म्हणजे संशय घेणं नव्हे

आमच्याकडे बहादरपुरात जागेचा सौदा ओळखीवर ठरतो. "अहो, घरचाच माणूस आहे," असं कोणीतरी म्हणतं, चहा होतो, इसाराचे पैसे दिले जातात. त्यानंतर कोणी कागद मागितले की सगळे त्याच्याकडे असे बघतात, जणू त्याने भर बैठकीत अपमान केला. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. कागद इसाराच्या आधी मागावेत, सगळ्यांसमोर मागावेत, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

साहित्य मंडळाच्या अंकात हा विषय कशाला, असं कोणी विचारेल. पण आपल्यापैकी कित्येकांच्या घरी पहिलं घर घ्यायची चर्चा चालू असेल. आमच्या घरी आहे. मी भाड्याच्या घरात वाढले, आणि आई-पप्पांची आजवरची सगळी बचत एका सहीवर जाणार आहे. शिवाय अशा वेळी घरात कागद वाचायला कोणाला बसवतात? कॉलेजात शिकणाऱ्या मुलालाच किंवा मुलीलाच.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे "रजिस्ट्री झाली, आता जागा आपली." आपल्या देशात नोंदणी होते ती दस्ताची, मालकीची हमी सरकार देत नाही. नोंदणी कार्यालय मुद्रांक शुल्क भरलंय का, सही करणारा तोच माणूस आहे का, हे बघतं. ती जागा खरोखर त्याची होती का, याचा निवाडा तिथे होत नाही. विकणाऱ्याकडे जेवढा हक्क होता, तेवढाच आपल्याला मिळतो. त्याच्याकडे काहीच नसेल तर आपल्याकडेही काहीच येत नाही, फोटो आणि अंगठे कितीही व्यवस्थित असले तरी. नुसत्या मुखत्यारपत्रावर किंवा करारनाम्यावर जागा घेणं तर आणखी धोक्याचं. 2011 साली सूरज लॅम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की अशा व्यवहाराने मालकी मिळत नाही, नोंदणीकृत खरेदीखतच लागतं.

म्हणून सर्च करायचा. वकील साधारणपणे 30 वर्षं मागे जातात. हा आकडा हवेतून आलेला नाही. 1963 च्या मुदत कायद्यात गहाण मालमत्ता सोडवून घेण्याच्या दाव्याला 30 वर्षांची मुदत आहे. आमच्या भागात तेवढं मागे गेलं की जिल्ह्याचं नावच बदलतं. बुऱ्हाणपूर जिल्हा झाला 2003 मध्ये. त्याआधीच्या दस्तांवर पूर्व निमाड असतं. मध्य प्रदेशात ऑक्टोबर 2024 पासून संपदा 2.0 आलंय, बरंच काम ऑनलाइन होतं, तरी जुन्या दस्तांसाठी कार्यालयात खेटे घालायची तयारी ठेवावी. पलीकडे रावेरला आपली माणसं सातबारा, फेरफार आणि तलाठी म्हणतात. इकडे खसरा, नामांतरण आणि पटवारी. शब्द वेगळे असले तरी प्रश्न तेच: नाव कोणाचं आहे, ते तिथे कसं आलं, आणि जागेवर कर्जाचा बोजा आहे का?

शेत तोडून पाडलेला प्लॉट असेल तर आणखी विचारावं लागतं. डायव्हर्शन झालंय का? कॉलनीला परवानगी आहे का? नकाशा मंजूर आहे का? 2016 च्या रेरा कायद्यात 500 चौरस मीटरपर्यंतच्या किंवा आठपर्यंत घरांच्या प्रकल्पांना सूट आहे. बाकीच्यांना नोंदणी करावीच लागते, तेव्हा तो क्रमांक मागून घ्यावा. आणि बुऱ्हाणपूरसारख्या जुन्या शहरात एक वेगळाच प्रश्न असतो. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे, आणि पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. मकबऱ्याच्या शेजारी स्वस्तात प्लॉट मिळतोय म्हणून हुरळून जाऊ नये.

"बँक कर्ज देतेय, म्हणजे कागद बरोबरच असणार," हेही नेहमी ऐकू येतं. बँकेचा वकील बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का, ते बघतो. आपल्या बाजूने बघणारा वकील आपणच करायचा असतो. त्याची फी जड वाटते, कबूल. पण मुद्रांक शुल्कासाठी आपण कर्ज काढतो आणि वकिलाच्या फीवर घासाघीस करतो, हे मला पटत नाही.

इथपर्यंत आपल्या पैशांबद्दल बोलले. पण मला त्याहून मोठी वाटणारी गोष्ट वेगळी आहे. सर्चमध्ये जी नावं सुटलेली सापडतात, ती बहुतेक वेळा बैठकीत नसलेल्या माणसांची असतात. विकणारे दोन भाऊ समोर बसलेले असतात, बहिणीचं नाव कोणी काढत नाही. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. आम्हा ख्रिस्ती लोकांसाठी 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा आहे. वडील मृत्युपत्र न करता गेले तर त्यातही मुलगा-मुलगी समान वाटेकरी. मग तिची सही कुठे आहे? तिने हक्क सोडला असेल तर तो नोंदणीकृत कागद कुठे आहे? तसंच आदिवासी शेतकऱ्याचं. मध्य प्रदेशच्या भू-राजस्व संहितेच्या कलम 165 प्रमाणे त्याची जमीन अधिसूचित भागात गैर-आदिवासीला विकताच येत नाही, इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. हे न विचारता स्वस्तात घेतलेलं घर कोणाच्या तरी हिश्श्यावर उभं राहतं. तेव्हा आपण कागद मागतो ते फक्त आपल्यासाठी नाही.

"अशाने माणसामाणसांतला विश्वास संपेल," असं वडीलधारे म्हणतात. मला बायबलमधला यिर्मया आठवतो. त्याने अनाथोथचं शेत घेतलं ते सख्ख्या चुलतभावाकडून, 17 शेकेल चांदी तोलून देऊन. तरीही खरेदीखत केलं, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी ठेवली, आणि दोन्ही मातीच्या भांड्यात जपून ठेवायला सांगितल्या. या व्यवहारामुळे भावाभावांत वितुष्ट आल्याचं काही त्या अध्यायात लिहिलेलं नाही. भांडणं होतात ती कागद नसल्यामुळे, आणि तीही पुढच्या पिढीत.

आता आपल्या मंडळाला एक सुचवते. आपण कवितेच्या एका ओळीवर तासभर बोलतो. तसंच वर्षातून एक दुपार एखादं जुनं खरेदीखत आणि खसरा घेऊन बसूया, शक्यतो एखाद्या वकिलांना बोलावून. वल्द, रकबा, कैफियत हे शब्द आपल्याला कळायला हवेत. एखाद्या नावाच्या जागी नुसतं "वगैरे" दिसलं, तर तिथे थांबून ते "वगैरे" कोण, हे विचारायची सवय लागायला हवी. घरी इसाराची बोलणी सुरू होतील, तेव्हा ती सवय उपयोगी पडेल.